नकाशांतलें कुरुंदवाड

ज्या घरांत एकदां तरी वाटणी झालेली आहे, त्या घरांतील माणसांस नकाशा म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. चौकाच्या मधोमध खडूची रेघ ओढली जाते; विहिरीवरच्या पाण्याच्या वेळा ठरतात; परसांतल्या आंब्याचा बुंधा एकाच्या हिश्शांत आणि फांद्या दुसऱ्याच्या, म्हणून दोन दिवस वाद चालतो; आणि शेवटीं तांबड्या व काळ्या शाईनें जो कागद तयार होतो, तो पुढच्या दोन पिढ्या ट्रंकेच्या तळाशीं कापडांत गुंडाळून ठेवतात. आमच्या घरींही असा एक कागद आहे. त्यावर सोपा, माजघर, देवघर, माडीचा जिना हें सर्व मोठ्या सुबक अक्षरांत दाखविलेलें आहे. पुराचें पाणी कोणत्या दारानें आंत येतें, हें मात्र त्यावर नाहीं. आणि कुरुंदवाडसारख्या गांवांत घराविषयीं सर्वांत अगोदर विचारावयाची गोष्ट तीच.

कुरुंदवाड हें स्वतःच एका मोठ्या वाटणीचें गांव आहे. पंचगंगा कृष्णेस मिळते, त्या संगमाच्या दक्षिणेस तें वसलें आहे. पंचगंगेच्या पलीकडे नरसोबाची वाडी. इकडच्या घाटावर सेनापति संताजी घोरपडे यांची समाधि. कोंकणांतील कोतवड्याहून आलेल्या हरभट पटवर्धनांच्या वंशविस्तारांत हें ठाणें त्रिंबकपंतांच्या शाखेकडे आलें, आणि पुढें १८५४ सालीं संस्थानचे थोरली पाती व धाकटी पाती असे दोन भाग झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं थोरल्या पातीकडे सुमारें १८५ आणि धाकट्या पातीकडे सुमारें ११४ चौरस मैल मुलूख होता. एवढा मुलूख सलग असता, तर नकाशांत त्याचा एक नेटका ठिपका उमटला असता. पण तो सलग नव्हता. इंग्रजी जिल्ह्यांच्या आणि इतर संस्थानांच्या मध्यें मध्यें तो विखुरलेला होता. बेळगांव शहरास लागून असलेलें माधवपूर-वडगांवही कुरुंदवाडकरांचेंच. जुन्या हिंदुस्थानच्या नकाशांत इंग्रजांचा मुलूख तांबडा आणि संस्थानांचा पिवळा रंगवीत. त्या नकाशांत आमचें संस्थान म्हणजे तांबड्या लुगड्यावर सांडलेली हळद!

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. सरंजाम दिला जाई तो जमिनीचा तुकडा म्हणून नव्हे, तर उत्पन्न म्हणून. इतक्या स्वारांचा खर्च चालावा एवढें उत्पन्न कोणकोणत्या गांवांचें भरतें तें पाहून गांवें नेमून देत. तीं एकमेकांस लागून आहेत कीं नाहींत, ही चिकित्सा गौण. पुढें भावांभावांत वाटणी निघाली म्हणजे सकस गांव आणि हलकें गांव, काळी जमीन आणि माळरान, दोघांसही सारखें मिळावें हा न्याय. नकाशा पुढें ठेवून वाटणी करणारा मनुष्य मधून रेघ मारील. यादी पुढें ठेवून करणारा एकाआड एक नांवें वांटील. आमचें संस्थान यादीनें घडलेलें होतें.

माझे आजोबा त्या संस्थानच्या मुलकी दप्तरांत कारकून होते. संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, त्यानंतरही पंधरा वर्षें ते हयात होते. आम्ही मुलें दिवेलागणीस परवचा म्हणत असूं, तेव्हां ते झोंपाळ्यावर बसून आपला निराळाच परवचा म्हणत, तो गांवांचा. गांवाचें नांव, त्याची जमा, पाटील कोण, शीव कोठून कोठवर. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुक गांवची शीव, उत्तरेस पिंपळ, दक्षिणेस नदी, अशी चतुःसीमा एकदां उच्चारली कीं त्यांच्या दृष्टीनें गांव पुरें झालें. त्यांच्यापाशीं नकाशा नव्हता आणि त्यांना तो लागतही नसे. याचा अर्थ आपल्या लोकांस नकाशा ठाऊकच नव्हता असा नव्हे. मराठेशाहींतले मोडी अक्षरांचे नकाशे आजही पाहावयास मिळतात. त्यांत नद्या वळत जातात, किल्ले उभे काढलेले असतात, गांवांचीं नांवें दाटीनें लिहिलेलीं असतात. फक्त प्रमाण नसतें. जें महत्त्वाचें तें मोठें आणि जें बिनमहत्त्वाचें तें लहान, एवढेंच तेथलें प्रमाण. आजोबांच्या यादींतलीं कांहीं गांवें १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत म्हैसूर राज्यांत, म्हणजे आजच्या कर्नाटकांत गेलीं. त्या सीमेविषयीं महाराष्ट्रानें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावाही दाखल केला. आजोबांच्या परवच्यांत मात्र तीं गांवें शेवटपर्यंत आपआपल्या जागीं होतीं.

ज्यांच्या घरीं अजून नित्य पूजा होते, त्या वाचकांस दुसरें एक उदाहरण सुचवितों. संकल्प म्हणतांना आपण काय करतों? कालाच्या बाबतींत कल्प, मन्वंतर आणि युग यांपासून निघून संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र येथवर येतों. आणि स्थळाच्या बाबतींत जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, मग नदीचा अमुक तीर, अशा पायऱ्या उतरत उतरत आपल्या पाटापर्यंत पोंचतों. माझा नातू फोनवर दोन बोटें फिरवून पृथ्वीच्या गोळ्यापासून आमच्या कौलांपर्यंत उतरतो, तेव्हां मला हटकून संकल्प आठवतो. फरक इतकाच कीं, संकल्पांत नुसतें स्थळ सांगून भागत नाहीं; 'केव्हां' हेंही सांगावें लागतें. नकाशे करणाऱ्यांच्या ध्यानांत ही गोष्ट फार उशिरा आली. नदीकांठच्या माणसास ती लहानपणींच कळते. कारण ज्येष्ठांतलें कुरुंदवाड आणि श्रावणांतलें कुरुंदवाड हीं दोन निराळीं गांवें आहेत.

मोजून काढलेला नकाशा आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आला. सर्व्हे ऑफ इंडिया या खात्याची स्थापना १७६७ सालची. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ लॅम्बटननें पायाची रेषा मोजावयास आरंभ केला, आणि त्या रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत हें काम वर्षानुवर्षें उत्तरेकडे सरकत गेलें. त्याच्या मोठ्या कोनमापक यंत्राचें वजन सुमारें अर्धा टन होतें. तें डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवावें लागे. हा मनुष्य १८२३ च्या जानेवारींत आपल्या हिंगणघाटास वारला आणि तेथेंच त्याची कबर आहे. पुढें हिमालयाच्या शिखरांचीं मापें हातीं आलीं. त्यांची आंकडेमोड करून सर्वांत उंच शिखर कोणतें हें १८५२ सालीं दाखवून देण्याचें श्रेय राधानाथ सिकदार या बंगाली गणित्यास देतात. त्याच्या हुद्द्याचें नांव 'कॉम्प्युटर' असें होतें. त्या काळीं संगणक म्हणजे यंत्र नव्हे, पगारी मनुष्य!

शेतजमिनीच्या मोजणीची कथा निराळी, आणि आपल्या घरांच्या अधिक जवळची. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं जी पद्धति बसविली, तीच पुढें साऱ्या मुंबई इलाख्यांत चालली. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. रुपयाचे सोळा आणे जाऊन साठांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत, पण गुंठा कांहीं गेला नाहीं. उलट पुण्याकडे तर त्याच्या जोरावर 'गुंठामंत्री' अशी एक नवी पदवीही निघाली आहे. या मोजणींतून प्रत्येक शेताचें टिपण आणि प्रत्येक गांवाचा नकाशा तयार झाला. आठ इंचांस एक मैल हें त्या गांवनकाशांचें प्रमाण. मेण लावलेल्या कापडावर चिकटविलेला तसा एक नकाशा आमच्या वडिलांपाशीं होता. तो उघडला कीं कापराचा वास येई. आम्हां मुलांस त्यास हात लावण्याची मनाई होती, आणि याच कारणानें कदाचित् मी पुढें तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला.

परंतु त्या नकाशाची आणि नदीची कधीं एकवाक्यता झाली नाहीं. आमचें एक शेत मळईचें आहे. कागदावर त्याची नदीकडची बाजू सरळ रेघेनें दाखविलेली. प्रत्यक्षांत ती बाजू नदीच्या मर्जीवर. एखाद्या वर्षीं कांठ ढांसळून चार-पांच गुंठे जात, दुसऱ्या वर्षीं गाळ बसून तितकेच वर येत, आणि तो गाळ असा कीं त्यांतलीं वांगीं शेजारपाजारच्या घरीं पाठविल्यावांचून राहवत नसे. पाणी ओसरलें कीं वडील प्रथम हद्दीचा दगड शोधावयास जात. दगड सांपडला नाहीं तर पलीकडच्या शेताचे मालकही येत, दोघेही बांधावर बसत, आणि 'गेल्या साली तुमची चवळी येथवर होती' अशा साक्षींवर नवी हद्द ठरे. त्या वेळीं मोजणीचा कागद घरींच असे. भांडण विकोपास जाईल तेव्हांच तो बाहेर काढावयाचा, असा उभयपक्षीं अलिखित करार होता; आणि माझ्या आठवणींत तो एकदांही बाहेर काढावा लागला नाहीं.

आतां कागदाची सद्दी संपत आली आहे. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडा देशांत रॉजर टॉमलिन्सन यानें तेथल्या विस्तीर्ण जमिनीची नोंद ठेवण्याकरितां नकाशे यंत्रांत घातले, तेव्हां एक मूलभूत फरक घडला. नकाशा हें चित्र राहिलें नाहीं. तो आंकड्यांचा कोठा झाला, आणि चित्र हें त्या कोठ्यांतून हवें तेव्हां काढावयाचें एक रूप झालें. एकाच कोठ्यांतून कोणी रस्ते मागावे, कोणी विहिरी, कोणी ऊंसाचें क्षेत्र. दुसरा फरक आपण कोठें आहों हें कळण्याचा. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह घड्याळाची वेळ पाठवितात, आणि त्या वेळांतील सूक्ष्म अंतरांवरून खिशांतलें यंत्र आपली जागा काढतें. वर घड्याळें जमिनीवरच्यापेक्षां दिवसास सुमारें ३८ दशलक्षांश सेकंद पुढें जातात. ही चूक रोज सुधारली नाहीं, तर जागा दिवसाकाठीं कित्येक किलोमीटर हुकत जाईल. म्हणजे आईन्स्टाइनचा सिद्धांत आज रिक्षावाल्याच्याही उपयोगीं पडतो. अमेरिकेनें सामान्य लोकांकरितां हे संदेश मुद्दाम अंधुक केलेले असत. मे २००० मध्यें तें बंद झालें. २००४ सालीं लोकांनींच भरावयाचा 'ओपनस्ट्रीटमॅप' निघाला, २००५ सालीं 'गूगल मॅप्स', २००९ सालीं आपल्या इस्रोचें 'भुवन'. २०१६ मध्यें भारताच्या स्वतःच्या सात उपग्रहांचा 'नाविक' संच पुरा झाला. फेब्रुवारी २०२१ मध्यें सरकारनें नकाशे करण्यावरचीं व वापरण्यावरचीं बहुतेक जुनीं बंधनें काढून टाकलीं. ज्या गांवनकाशास आम्हांस हात लावूं देत नसत, तसे नकाशे आतां राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा'वर कोणासही घरबसल्या पाहतां येतात. पुरंदर तालुक्यांतील सोनोरीच्या गांवठाणापासून यंत्रपांखरें उडवून घराघरांची मोजणी सुरू झाली, आणि तीच पद्धति २०२० पासून 'स्वामित्व' या नांवानें देशभर चालली आहे.

माझ्या वयाचे पुष्कळ लोक यावर उसासे टाकतात. हल्लींच्या मुलांस दिशा कळत नाहींत, फोन बंद पडला कीं तीं शिरोळाहून वाडीस पोंचणार नाहींत, वगैरे. मला या उसाशांत फारसें तथ्य दिसत नाहीं. मीं ज्या मुलांकडून नकाशे भरून घेतले त्यांपैकीं बहुतेकांनीं छापील आराखड्यांत निळ्या पेन्सिलीनें कृष्णा नदी काढली, दोन गुण मिळविले आणि कागद रद्दींत घातला. खिडकींतून तीच नदी दिसत होती. तिच्याकडे कोणी पाहिलें नाहीं, आणि पाहा म्हणून अभ्यासक्रमानेंही सांगितलें नव्हतें. उलट माझा नातू फोनवर खिद्रापूरच्या कोपेश्वराची वाट शोधतां शोधतां कृष्णेचीं वळणें मोजीत बसतो. साधनानें माणूस आळशी होतो हें खरें. पण आळशी माणसासही साधनानें कधीं कधीं कुतूहल उत्पन्न होतें. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती सांगावयाची तर पुराकडे वळलें पाहिजे.

आमच्या भागांत पावसाळ्यांत कुशलप्रश्न विचारण्याची एक तऱ्हा आहे. 'राजारामला किती? आयर्विनला किती?' राजाराम म्हणजे कोल्हापूरचा बंधारा. तेथें ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. आयर्विन म्हणजे सांगलीचा १९२९ मध्यें खुला झालेला पूल. तेथें ४० वर इशारा आणि ४५ वर धोका. एक आंकडा पंचगंगेचा, दुसरा कृष्णेचा. दोन्ही वरून आमच्याकडे येणाऱ्या पाण्याचे. पंचगंगेस उतार थोडा. त्यांतून कृष्णा चढलेली असली म्हणजे पंचगंगेचें पाणी पुढें सरकेनासें होतें आणि शेतांवर पसरतें. वाडीस पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे भाविक स्नानास धांवतात. तो आनंदाचा सोहळा, आणि तीच नदीकांठच्या घरांस पहिली सूचना. त्याहून पाणी वाढलें कीं देवासही वरच्या जागीं न्यावें लागतें. ज्या घरांत देव हलल्याची बातमी येते, त्या घरांत धान्याचीं पोतीं माडीवर जावयास लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन्ही पुरांत हेंच झालें.

यांपैकीं २०१९ चा पूर सर्वांत भयंकर. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यांत सांगलीस आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलें; शिरोळ तालुक्यांतलीं गांवेंच्या गांवें हलवावीं लागलीं. आम्हीं घर सोडलें तें नावेंतून. नाव आमच्याच बोळांतून जात होती. दोन्ही बाजूंस माड्यांचे कठडे हाताशीं येत होते. पुतण्यानें फोन काढून पाहिला, तों नकाशावर आमचा निळा ठिपका बरोबर बोळाच्या मध्यावर होता. जागेंत तसूभर फरक नव्हता. फक्त त्या नकाशांत बोळ कोरडा होता. नावाडीमामांस तो फोन दाखविला तेव्हां ते म्हणाले, "गुरुजी, ठिपका ठीक हाय. पण खाली विजेचा खांब आडवा पडलाय, त्यो कुठं दिसतोय?" आणि त्यांनीं वल्ह्यानें चांचपून नाव डावीकडे घेतली.

त्याच दिवसांतलें उपग्रहाचें चित्र पुढें पाहावयास मिळालें. ढगांतून साधा कॅमेरा पाहूं शकत नाहीं. रडारच्या लहरी पाहूं शकतात. संथ पाण्यावर पडलेल्या त्या लहरी दुसरीकडे परावर्तित होतात, उपग्रहाकडे परत येत नाहींत, म्हणून पाण्याची जागा चित्रांत काळी उमटते. आमचा सारा परिसर त्यांत काळा होता. शाळेंतल्या तांबड्या-पिवळ्या नकाशानंतर कुरुंदवाडचें हें दुसरें चित्र. वरून पाहणाऱ्यास आम्ही दिसत होतों, हें माझ्या दृष्टीनें लहान नव्हे. कोठें नावा पाठवावयाच्या हें अशा चित्रांवरून ठरवितां येतें.

पूर ओसरल्यावर घरांत जो प्रश्न निघाला तो अजून पुरता मिटलेला नाहीं. वाडा ठेवावा कीं विकावा? थोरल्या बंधूंचें म्हणणें, वाडा सोडून माळावर जागा घ्यावी आणि सर्वांनीं एकत्र नवें घर बांधावें. धाकट्यांचें म्हणणें, देवघर येथें आहे, वाडवडिलांची जागा आहे. जोतें उंच करूं, स्वयंपाकघर माडीवर नेऊं, खालचा मजला मोकळा ठेवूं. पुतण्या पुण्यास संगणकाच्या कामांत आहे. त्यानें तोडगा काढला कीं भावनेचा प्रश्न बाजूस ठेवून आधीं उंची पाहावी. २००० सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या अवकाशयानानें अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारनें मोजून घेतली, ती फुकट मिळते. त्याप्रमाणें त्यानें आमच्या वाड्याची आणि माळावरच्या जागेची उंची काढून दिवाळींत सर्वांपुढें ठेवली. पण पुढें त्यालाच दिसून आलें कीं, त्या मापांत कांहीं मीटरांचा फरक पडूं शकतो. हिमालयास कांहीं मीटर म्हणजे कांहींच नव्हे. आमच्या घरीं मात्र २०१९ ची आणि २०२१ ची खूण यांच्यांत दोन वितींचें अंतर आहे, आणि त्या दोन वितींत आमचें कपाट, गाद्या आणि तीन पिढ्यांचीं पुस्तकें होतीं.

तेव्हां काकूंनीं तोंड उघडलें. आमच्या थोरल्या काकू नव्वदीस टेकल्या आहेत. सोळाव्या वर्षीं या घरांत आल्या त्या येथेंच आहेत. त्यांनीं आयुष्यांत नकाशा उलगडला नसेल. त्या म्हणाल्या, "अरे, पाणी आपल्या पुढच्या दारानें कधीं आलें आहे का? तुम्ही सगळे नदीकडे तोंड करून बसतां. पाणी मागून येतें. आधीं ओढ्यांतून उलटें चढतें, मग मोरींतून परसांत, मग न्हाणींत. पुढच्या पायरीला लागतें तेव्हां माजघरांत घोटाभर झालेलें असतें." थोरल्या बंधूंनीं माळावरच्या जागेविषयीं विचारलें. काकू म्हणाल्या, "ती जागा कोरडी राहते, खरें आहे. पण तिच्याकडे जाणारा रस्ता ओढ्यावरून जातो. ओढा भरला कीं तिथली माणसं चार-चार दिवस तिथंच. २००५ साली तिथल्या एका बाळंतिणीला चुलींतल्या लांकडांसकट होडींतून आणली होती, आठवतं का?"

सर्व गप्प बसले. उंचीच्या कोठ्यांत ती जागा सुरक्षित ठरली होती. आणि ती सुरक्षित होतीही. पाणी तेथें पोंचत नव्हतें. डॉक्टर, दूध आणि औषध हींही पोंचत नव्हतीं.

माझी तक्रार म्हणतां येईल ती ही. पाणी कोठवर आलें हें वरून दिसतें. कोणत्या क्रमानें आलें हें दिसत नाहीं. आधीं काय बुडतें आणि मग काय, कोणती गल्ली किती घटका मोकळी राहते, गुरें कोणत्या वाटेनें काढावयाचीं, ही विद्या काकूंसारख्यांच्या डोक्यांत आहे. आणि ती कोणी लिहून घेतलेली नाहीं, कारण ती विद्या आहे असेंच कोणास वाटलें नाहीं. खुद्द काकूंस विचारलें तर त्या म्हणतात, "त्यांत काय लिहायचं? कपडे वाळत घालायला परसांत गेलं कीं कळतं." आजोबांची यादी त्यांच्याबरोबर गेली. संस्थान गेलें होतें, यादीचा उपयोगही उरला नव्हता, म्हणून कोणास तितकें दुःख झालें नाहीं. पण ओढा अजून आहे.

पुतण्यानें, आणि याचें मला कौतुक वाटतें, काकूंचें बोलणें मनावर घेतलें. गवंडी लोक जोत्याची पातळी लावावयास पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तिचीं दोन टोकें कोठेंही धरलीं तरी पाणी सारख्या उंचीवर उभें राहतें. तशी एक लांब नळी त्यानें आणली. आमच्या दिंडीच्या चौकटीवर पुराच्या पांच खुणा आहेत. वरच्या तीन खुणांखालीं सालें लिहिलेलीं, खालच्या दोन नुसत्याच खिळ्यानें कोरलेल्या. २०१९ ची खूण आधाराला धरून तो आणि त्याची पत्नी नळीचीं टोकें धरून बोळाबोळांनीं हिंडले. काकू माडीच्या खिडकींतून हुकूम सोडीत: आतां मोरीपाशीं, आतां पारापाशीं, आतां त्या पडक्या भिंतीच्या कोपऱ्यापाशीं. लोक हंसले, मग विचारूं लागले, मग आपआपल्या भिंतीवरच्या खुणा दाखवूं लागले. एका घरीं खूण स्वयंपाकघराच्या फडताळाच्या आंत होती. ती दाखवावयास त्या बाईंनीं सगळे डबे खालीं काढले. प्रत्येक ठिकाणीं पाणी आधीं केव्हां लागलें हें काकूंस किंवा घरच्या वडील माणसास विचारून पुतण्याच्या पत्नीनें वहींत लिहिलें: कोणत्या ठिकाणानंतर कोणतें, आणि मध्यें साधारण किती वेळ. ती वही पाहून थोरल्या बंधूंनीं माळावरच्या जागेचा विसार देण्याचें तूर्त थांबविलें आहे. त्यांनीं वाडा विकण्याचा विचार मात्र सोडलेला नाहीं, आणि त्यांचें सर्वस्वी चुकतें असें मलाही म्हणवत नाहीं. जोत्याचें काम किती उंच करावयाचें यावर घरांत अजून दोन मतें आहेत.

काकूंनीं एकूण एकोणीस ठिकाणें सांगितलीं. त्यांपैकीं सोळा मोजून झालीं असून पुतण्या तीं एकेक करून लोकांच्या नकाशांत भरीत आहे. राहिलेलीं तीन ओढ्याच्या पलीकडे आहेत. नळी तेथवर पुरत नाहीं, म्हणून ओळखीच्या एका मोजणीदारांस त्यांचें यंत्र घेऊन बोलाविलें आहे. काकू स्वतः बरोबर येणार म्हणतात. त्यांच्यासाठीं खुर्ची कोणी उचलावयाची, एवढेंच ठरावयाचें आहे.